प्रधानाचा होकार

रविवार, २१ जानेवारी १९९०. सकाळी सात वाजता आमच्या मानवतचे एक नट माझ्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "गुरुजी, मला काहीही विचारा. तोंडून हौ निघालं, की कान धरा."

मुंबईत ते हिंदी पौराणिक मालिकांत प्रधान, ऋषी, द्वारपाल अशी कामे करीत. बहुधा नुसते उभे राहण्याची. मागच्या खेपेस एक वाक्य मिळाले. राजाने हुकूम सोडला, आणि "जो आज्ञा, महाराज" म्हणायच्या जागी ते सवयीने आपल्याकडचे "हौ, महाराज" बोलून गेले. सगळे हसले. वाक्य दुसऱ्या नटाला गेले. आता पुन्हा बोलावणे होते. याही वेळी चुकले, तर पुढे कोणी बोलू देणार नव्हते.

म्हणून त्यांनी तो शब्दच टाकला. समोरचा न्हावी मुद्दाम विचारी, "परधानजी, कटिंग करायची का? हौ का न्हाई ते बोला की!"

"अवश्य."

लोक हसत. ते हसत नसत.

दुपारी ते मुंबईला निघाले, तेव्हा त्यांची आई बसस्थानकावर आली. "पाडव्याला येशील का?"

"अवश्य, आई."

"मला तरी हौ म्हण की रे. परक्यावानी काय बोलायलास?"

त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही. वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला. मग एसटीच्या मागच्या शिडीने टपावर चढून आपली पत्र्याची पेटी दोरीने घट्ट बांधली.