शेवटच्या गाण्यातली गुमरान

कोरियातल्या गुनसान बंदराच्या मासळीबाजारामागे माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे. तीन खुर्च्या, एक लांब बाक आणि सकाळी शटर वर केल्यापासून चालू असलेला रेडिओ. अकराच्या सुमाराला ‘आजच्या तारखेला’ नावाचा कार्यक्रम लागतो. याच तारखेला पूर्वी कुठली रेकॉर्ड बाजारात आली, कुठला गायक वारला, कुठल्या गाण्यावर बंदी आली, असं एक तरुण पोरगा सांगतो आणि मधे गाणी लावतो. केस कुरळे करायला आलेल्या बायका डोक्याला प्लॅस्टिकच्या टोप्या घालून ऐकत बसतात आणि त्याच्या चुका काढतात.

गुमरानताई कधी चुका काढायच्या नाहीत. साठी ओलांडलेल्या, मासे सुकवायच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, बाजाराच्या वरच्या चढावर एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. माझ्याकडे वर्षातून दोनदा यायच्या. आल्या की कोपऱ्यातली खुर्ची धरायच्या आणि ‘नेहमीसारखंच’ एवढंच म्हणायच्या. बाकीच्या बायका सुनांची उणीदुणी काढत असायच्या, पण या त्यात कधी पडायच्या नाहीत.

एकवीस नोव्हेंबरची गोष्ट. किमचीचे, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचे, हंडे भरायचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या हाताला लसणाचा वास. रेडिओवरचा पोरगा म्हणाला, “आजच्याच तारखेला ही रेकॉर्ड आली आणि देशात घराघरांत वाजली.” गायक आमच्या तरुणपणी सगळ्यांचा लाडका. गाणं सुरू झालं तसं सुकट विकणारी पाँगबाई डोळे मिटून डोलायला लागली.

“या रेकॉर्डवर मीपण आहे,” गुमरानताई म्हणाल्या.

पाँगबाईने एक डोळा उघडला. “तू? कव्हरवर त्याच्या शेजारी ती छत्रीवाली होती, ती का गं?”

सगळ्या खो खो हसल्या. गुमरानताईही हसल्यासारखं करून म्हणाल्या, “शेवटचं गाणं. संस्काराचं.”

हसणं एकदम थांबलं. आमच्या वयाच्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. त्या काळी सरकारचा नियमच होता: रेकॉर्ड कुठलीही असो, प्रेमाची असो की विरहाची, तिच्या शेवटी एक चांगल्या वळणाचं गाणं हवंच. पहाटे उठा, गल्ली झाडा, देशासाठी राबा. ते लागायच्या आत आम्ही सगळे सुई उचलायचो. पुरतं ऐकलेला माणूस मला तरी माहीत नाही.

“ते कोणी गायलंय असं कधी मनातच आलं नाही,” पाँगबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात या वेळी टोमणा नव्हता.

मी त्यांच्या केसांना औषध लावत होते. औषध लागायला वेळ लागतो, त्या वेळात ताईंनी जे सांगितलं ते असं.

एकोणिसाव्या वर्षी त्या आपल्या बेटावरून राजधानीत, सोलला आल्या, खोट्या केसांचे टोप विणायच्या कारखान्यात. रविवारी चर्चच्या गायनमंडळात उभ्या राहायच्या. एक दिवस मंडळाच्या मास्तरांनी तीसेक मुली निवडल्या आणि एका स्टुडिओत नेल्या. गुमरानला मागच्या रांगेत उभं केलं. पहिल्याच ओळीला मास्तरांनी हात वर केला. “मागची ती, आखूड केसांची. तुझा आवाज वर येतोय. पोरी, एकटी गाऊ नकोस, सगळ्यांत मिसळ.” तिने आवाज मिसळला. दुपारपर्यंत काम झालं. मुलींना नूडल्सचा वाडगा मिळाला आणि मास्तर म्हणाले, “आता तुम्ही देशातल्या प्रत्येक घरात पोचणार.”

आणि पोचल्या खऱ्याच. तेच गाणं कंपनी रेकॉर्डमागून रेकॉर्डच्या शेवटी चिकटवत गेली. पुढे ही लाडक्या गायकाची रेकॉर्ड आली तेव्हा गुमरानने ती विकत घेतली. घरी वाजवायला यंत्र नव्हतं. म्हणून ती एका चहाघरात गेली. तिथे काचेच्या खोलीत लांब केसांचा एक जण बसून चिठ्ठीवरच्या फर्माइशी लावायचा. तिने चिठ्ठी पाठवली. त्याने ती माइकवर वाचली.

“खिडकीजवळच्या बाईंना शेवटचं गाणं हवंय. संस्काराचं! बाई, तुम्ही पोलीस ठाण्यातून आलात की काय?”

सगळं चहाघर हसलं. गुमरान उठून निघालीच होती. तेवढ्यात भिंतीकडच्या टेबलावरून एक उन्हाने रापलेला माणूस ओरडला, “लाव की रे! चहाचे पैसे तिनेपण दिलेत ना?”

गाणं लागलं. लोक त्यावर मोठमोठ्याने बोलत राहिले. तो माणूस मात्र शेवटपर्यंत कान देऊन बसला आणि मग तिच्या टेबलाशी आला.

“यात तुझं काय आहे?”

“मी गायलेय. मागच्या रांगेत.”

“ऐकू आलीस.”

“खोटं.”

“बरं, खोटं,” तो म्हणाला आणि समोर बसला. त्याचं नाव गिलमान, मूळ गुनसानचा. लग्न झालं आणि तो तिला इथे आपल्या आईजवळ ठेवून ट्यूना पकडणाऱ्या जहाजावर गेला, पार आफ्रिकेच्या पलीकडच्या समुद्रात. दोन दोन वर्षांनी यायचा. एकदा आला तेव्हा सांगू लागला, “अगं, जहाजावर कॅसेट असते. सगळ्यांचे हात माशांच्या रक्तात. बदलायला उठणार कोण? टेप संपेपर्यंत वाजतेच. तुझं गाणं आमच्या अख्ख्या जहाजाला पाठ आहे. स्वयंपाकी तर भात ढवळताना तेच म्हणतो.”

“त्या वेळी मला फार बरं वाटलं,” ताई आरशात बघत म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्याला तिकडे ताप भरला आणि त्यातच तो गेला. तिथल्याच एका बेटावर त्याला पुरलं. तिकडे जाणं त्यांना कधी जमलं नाही. मूलबाळ नव्हतं. सासूचं मरेपर्यंत त्यांनी केलं आणि नंतर त्या चढावरच्या खोलीत एकट्याच राहिल्या.

माझ्याच्याने राहवेना. हात पुसले आणि रेडिओ स्टेशनला फोन लावला. ताई “अगं नको, अगं कशाला” म्हणत राहिल्या. त्या पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “रेकॉर्ड माझ्या हातातच आहे. आईंना म्हणावं, पाच मिनिटं थांबा.”

आणि त्याने खरंच लावलं. सगळा देश सुई उचलायचा ते गाणं त्या दिवशी गुनसानमध्ये पुरं वाजलं. मुलींचा तो एकसारखा, स्वच्छ आवाज. पाँगबाईने आवाज वाढवला. आम्ही सगळ्या गुमरानताईंकडे बघत होतो.

“यातली तू कुठली?” पाँगबाईने हळूच विचारलं.

ताई मान तिरकी करून ऐकत होत्या. गाणं संपलं.

“नाही कळलं,” त्या म्हणाल्या. “मलापण नाही सापडले मी.”

मी त्यांचे केस धुवायला घेतले. पाणी गरम आहे का विचारलं, तर नुसती मान हलवली.

केस पुसून होतायत तोच दुकानाचा फोन वाजला. स्टेशनचा पोरगा होता. इक्सानच्या एका बाईंनी गाणं ऐकून फोन केलाय, त्याही त्या मुलींत होत्या, दुकानाचा नंबर त्यांना देऊ का? मी हो म्हटलं. मिनिटभरात त्यांचाच फोन आला. बाईंचा आवाज एवढा खणखणीत की स्पीकरची गरजच नव्हती.

“मी मेह्वा! पुढच्या रांगेतली! तू कोण गं?”

“मागच्या रांगेतली. गुमरान.”

“गुमरान… गुमरान… उंच होतीस का?”

“नाही.”

“मोठी वेणी?”

“नाही. आखूड केस.”

पलीकडे बाई आठवत राहिली. ताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. मग पलीकडून आरोळीच आली, “अगंबाई, तू ती का? मधेच हसू फुटलं होतं ती? मास्तर चिडले, पुन्हा पहिल्यापासून गायला लागलं सगळ्यांना!”

ताईंनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“हो,” त्या म्हणाल्या. “तीच मी.”

“मेले, तुझ्यापायी नूडल्स थंड झाल्या आमच्या!”

आणि दोघी हसायला लागल्या. ताईंना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खूप वेळ बोलणं चाललं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “ताई, हसलात म्हणजे काय? तुम्हाला तर मास्तरांनी आवाज दाबायला सांगितलं होतं.”

“हसली ती माझ्या शेजारची. लग्न करून अमेरिकेला गेली.”

“मग हो का म्हणालात?”

त्यांनी पिशवीतून कंगवा काढला. माझ्याकडचे एवढे कंगवे समोर असताना स्वतःचाच फिरवू लागल्या. “इतकं आठवून आठवून तिला कोणीतरी सापडलं होतं. नाही म्हटलं असतं तर फोन ठेवला असता तिने.”

तेव्हापासून मेह्वाबाई दर रविवारी त्यांना फोन करतात. ताई त्यांच्यासाठी हसणारी मुलगी झाल्यात आणि ते नेटाने निभावतात. लग्नाचं विचारलं तेव्हा नवरा जहाजावर होता हे खरं सांगितलं, अमेरिकेचं काही बोलल्या नाहीत. गेल्या वसंतात बसने इक्सानलाही जाऊन आल्या. परतताना माझ्या दुकानात डोकावल्या आणि मेह्वाबाईंनी दिलेल्या तिळाच्या तेलाची एक बाटली माझ्यापुढे ठेवली.

“कशी आहे बाई?” मी विचारलं.

“चांगली आहे. फार बोलते. मला बघून म्हणाली, अजिबात बदलली नाहीस.” ताई बाकावर टेकल्या आणि दोन्ही हातांनी गाल चोळू लागल्या. “दिवसभर हसून हसून गाल दुखले बघ.”

चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या, खोली सकाळपासून बंद आहे. मी दारात उभी राहून बघत होते. त्या बाजारातून एकाच माणसापुरता मासा घेऊन चढ चढायला लागल्या.