वरचं तिसरं बटण

चहा घ्या, सांगते. हसायला हरकत नाही, पण हसून झालं की जरा वाईटही वाटून घ्या. मला अजून वाटतं.

आमचं ऑफिस महापेला, कंटेनर वाहतुकीचं. जासईला आमचं यार्ड, तिथे एकच कॉम्प्युटर, आणि त्यावर घरतकाका. तिथलेच राहणारे. तीस वर्षं नोकरी झालेली, महिनाअखेरीस रिटायर होणार होते.

त्याच सुमारास ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. पत्रं, तक्ते, मेल, सगळं एकातच. त्यातली बटणं दोन तऱ्हांनी लावता यायची. एक तर वर आडवा टूलबार, नाहीतर डाव्या बाजूला उभा साइडबार. कुठलं सोयीचं ते बघा आणि मग सगळीकडे तेच लावा, असं साहेबांनी मला सांगितलं.

आता मला असं काम दिल्यावर मी गप्प बसते होय? महापेत सगळ्यांना साइडबार लावला. मुद्दाम जासईला जाऊन घरतकाकांना टूलबार लावला. कोण कुठे अडखळतं ते वहीत टिपायला लागले. आठवडाभरात साइडबार मला एवढा आवडला, की जगात टूलबार नावाची वस्तू आहे हेच डोक्यातून गेलं.

एका दुपारी काकांचा फोन आला. निरोपसमारंभात करायचं भाषण त्यांनी टाइप केलं होतं. दोन बोटांनी, तीन आठवडे. आता शुद्धलेखन तपासायचं बटण कुठलं, एवढंच विचारत होते. मी दुसऱ्याच कामात होते. माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि सांगून टाकलं, "वरचं तिसरं दाबा."

"वरचं तिसरं?"

"हो काका. आणि इंग्रजीत काही विचारलं तर येस करा."

साइडबारमध्ये वरून तिसरं बटण तपासणीचं. टूलबारमध्ये तिसरं बटण सगळ्यांना पाठवायचं. त्याने काकांना इंग्रजीत विचारलं, सगळ्यांना पाठवू का? काकांनी येस केलं.

मिनिटभरात काकांचं भाषण अख्ख्या कंपनीच्या स्क्रीनवर. मी लगेच फोन लावला आणि, खोटं कशाला बोलू, आवाज चढवूनच विचारलं की नक्की काय दाबलंत.

"वरचंच तिसरं दाबलं, बाय. तू सांगितलंस तेच. वर एकच तर लाइन हाय."

ती लाइन मीच जाऊन लावली होती, हे मला तेव्हा आठवलं.

मग भाषण वाचलं. गेटवरचा पहिला दिवस होता, पावसात तुंबलेलं यार्ड होतं, वारलेला एक ड्रायव्हर मित्र होता. वेलांट्या सगळ्या चुकलेल्या, पण मी ते परत पहिल्यापासून वाचलं. शेवटून दुसरी ओळ माझ्यावर होती. 'नवीन मॅडम हुशार आहेत, फक्त समोरच्याला काय दिसतं ते विचारत नाहीत.' शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळे एकदम कामाला लागले.

निरोपसमारंभाला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बायको, सून, नातू, सगळे पहिल्या रांगेत. काका उभे राहिले, खिशातून कागद काढला, आणि न उघडताच परत ठेवला. तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे, आता वेगळं काय बोलू, असं म्हणून हात जोडले आणि बसले. घरच्यांनी ते कुठे वाचलं होतं? त्यांची बायको इकडेतिकडे बघत राहिली. साहेब म्हणाले, थोडक्यात पण छान.

नंतर समोशाची प्लेट घेऊन मी काकांकडे माफी मागायला गेले. माझं बोलणं सुरू व्हायच्या आधी तेच ओशाळून म्हणाले, "तुझ्यावरची ती ओळ मी काढनार होतो, बाय. राहून गेली."

"राहू दे काका," मी म्हटलं. "अख्ख्या भाषणात तेवढीच ओळ बिनचूक होती."