नॉर्मंडला अखंड ओटा हवा

व्हरमाँटमधल्या बॅरी गावात दगडाला तोटा नाही. पायऱ्या ग्रॅनाइटच्या, बसायची बाकं ग्रॅनाइटची आणि मेल्यावर डोक्याशी उभा राहतो तोही ग्रॅनाइटच. ल्युसील थिबोच्या स्वयंपाकघरात मात्र सनमायक्याचा ओटा, तोही कडांना फुगलेला. कारण तिचा नवरा नॉर्मंड. थडग्यांच्या कारखान्यात जन्मभर आऱ्यावर दगड कापत उभा राहिलेला माणूस, त्याला दुसऱ्यानं कापलेला दगड पसंत पडेल तर शपथ. "मी स्वतः करीन," म्हणायचा. निवृत्त झाला, गुडघे गेले, पण त्याचं ते 'करीन' काही जाईना.

शेवटी ल्युसीलनंच कारागीर बोलवायला घेतले. पहिला आला तो फार गोड बोलणारा. नॉर्मंडनं त्याला विचारलं, "इथला दगड कुठल्या अंगानं फुटतो?" तो म्हणाला, "बघून सांगतो."

"बघायला मलाही डोळे आहेत," असं म्हणत यानं त्याला दारापर्यंत पोचवला. दुसऱ्यानं आणलेल्या नमुन्याच्या कडेवरून नॉर्मंडनं नुसतं नख फिरवलं आणि तो परत दिला. गावात बभ्रा झाला. मग उरला एकटा आल्दो फ्रिजेरी, जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"जुना ओटा आधी काढून ठेवा," आल्दोनं बजावलं. "कपाटं समपातळीत हवीत, सिंक आणून ठेवलेलं हवं, मगच माप घेईन. शुक्रवारी माप मिळालं तर माझी बायको दगड कापून ठेवेल, मी परत आलो की बसवतो. नाही मिळालं तर थँक्सगिव्हिंगनंतर बघू. शनिवारी मी रानात."

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की तिथे प्लंबर काय नि पाद्री काय, पुरुष म्हणून हाताला लागत नाही. पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक. तरी नॉर्मंडनं मोठ्या उत्साहानं ओटा फोडला, नळ बंद केला, आणि मग दगड कसा असावा यावर शांतपणे विचार करायला बसला.

ल्युसील बाथरूमच्या टबात भांडी घासायला लागली. वाकून वाकून कंबर धरली. त्यात नणंदबाई झानीनचा फोन.

"अगं, या वर्षी थँक्सगिव्हिंगचं जेवण माझ्याकडेच करू या. माझा ओटा साधा का असेना, जागेवर तरी आहे."

झानीनकडची टर्की कोरडी आणि टोमणे रसरशीत. दरसाल घरभर माणसं ल्युसीलकडे जेवायची. ते मोडलं तर पुढे कायमचं झानीनच्या घरात जाईल, हे ल्युसीलला पक्कं माहीत. "बघते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी आल्दो आला. बाहेर गाडीत बंदूक नि पथारी भरलेली. त्यानं कपाटांवर पातळ पट्ट्या मांडल्या, चिकटवल्या, साचा तयार केला.

"काटकोनात वळतोय. जोड द्यावा लागेल."

"जोड नको," नॉर्मंड म्हणाला. "अखंड हवा."

"अखंड आत कुठून आणू? भिंत पाडू?"

"पाड."

"बरं. जाडी?"

नॉर्मंडनं हातानं दाखवली. थेट थडग्याची. "मागची बाजू टाकीच्या घावांची ठेव, खडबडीत. पुढून तेवढी पॉलिश."

आल्दोनं पेन्सिल कानामागे खोचली. "नॉर्मंड, हा ओटा आहे. याच्यावर जन्म-मृत्यूच्या तारखा नाही घालायच्या."

"मी आयुष्यात दगडाला जोड दिला नाही."

"तुझी गिऱ्हाइकं तक्रार करायला येत नव्हती."

"माझ्या घरात जोड येणार नाही."

"मग मी निघालो. पिकल्या केसांचं पोर आहेस नुसतं." आल्दो साचा उचलायला लागला.

ल्युसीलनं त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. नवऱ्याला म्हणाली, "सरक." उघड्या कपाटांपुढे उभी राहिली आणि पीठ मळल्यासारखे हात फिरवले.

"खिडकीपाशी मी पाईची पोळी लाटते, तिथे जोड नको. त्या कोपऱ्यात माझा मिक्सर असतो, तिथे दे. जाडी सगळ्यांकडे असते तेवढी. मागची बाजू भिंतीला लागणार, तिला काय करायचं ते करा." तिनं साच्यावर रेघ ओढली.

"मिक्सर झाकेल गं, पण जोड आहे हे मला माहीत असेल ना," नॉर्मंड म्हणाला.

"मग डोळे मिटून जेवत जा. नाहीतर आत जा, टबात परात पडलीय, ती घास. मग बोलू."

नॉर्मंड टबाकडे काही गेला नाही, पण आल्दोला दार उघडून दिलं. आल्दोनं साचा गाडीत टाकला आणि तो हरणांच्या मागे गेला. हरीण काही मिळालं नाही, त्यामुळे वेळेवर परतला आणि बायकोनं कापलेला दगड बसवून गेला.

थँक्सगिव्हिंगला सगळी माणसं ल्युसीलकडेच आली. झानीन करड्या ओट्याशी येऊन उभी राहिली. तेवढ्यात नॉर्मंडनं मिक्सर बाजूला ओढला.

"हा इथे बघ, जोड दिलाय."

"कुठे?"

"असं नख फिरव. लागतो की नाही?"

"मला नाही बाई लागत," झानीन म्हणाली.

"नीट बघ. मला लगेच लागला." मग त्यानं तिच्या नवऱ्याला हाक मारली, मग पाद्रीबाबांना.

टर्की थंड होत चालली होती आणि ल्युसीलची सगळी पाहुणेमंडळी कोपऱ्यात ओणवी होऊन जोड शोधत होती.