मास्तरांनी काढलेला विषाचा पाट

कोरी भिंत दिसली की दिनकर मास्तरांचे हात शिवशिवायचे. आमच्या वडगाव रासाईच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की गावभर विज्ञान रंगवत फिरायचे. नदीकाठच्या आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवरही त्यांनी न विचारता रंग फासला. मी बोलले, तर म्हणाले, "वहिनी, वाचून कुनाला कळत न्हाई. बघितलं की कळतं. दिसलं का?" प्रत्येक वाक्याला "दिसलं का?" जसं काही समोरचा आंधळाच! हा माणूस पहिल्यापासून माझ्या डोक्यात जायचा.

साप चावल्यावर विष अंगात कसं पसरतं, ते त्यांनी तिथं काढलं होतं. अंग म्हणजे उसाचं शेत, रक्त म्हणजे पाट, आणि चावल्या जागेपासून निळं पाणी काळजाकडे निघालेलं. सांगायचं होतं एवढंच, की पळापळ करू नका, हलाल तितकं विष लवकर चढेल, सरळ दवाखाना गाठा. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि मास्तरांची छाती फुगायची.

पण आम्ही जन्मभर उसाला पाणी देणारी माणसं. पाट बघितला की आमच्या मनात एकच येतं, पाणी अडवायचं तर माती ओढून पाटाची दारं बंद करा.

एकदा उसाचं वाळलेलं पाचट गोळा करताना मला उजव्या हाताला घोणस चावली. आमच्या ह्यांनी दोरी घेतली आणि मनगटाच्या वर करकचून आवळली. "भिऊ नगंस, दार बंद केलंय. आता फुडं जात न्हाई," म्हणाले. दौंडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं काळी पडली होती. जीव वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "विषापेक्षा दोरीनं घात केला."

मास्तर भेटायला आले. मी तोंडाला येईल ते बोलले. "तुमच्या चित्रानं माझा हात खाल्ला!" माफी नाही, काही नाही. खाली मान घालून विचारतात, "पाट बघून तुमास्नी नेमकं काय वाटलं?" वाटलं, उठून एक मुस्कटात द्यावी. तरी सांगितलं.

त्यांनी भिंतीला चुना फासला आणि नवीन चित्र कागदावर काढून माझ्याच दारात हजर. "दुसरीकडं जावा की!" मी ओरडले.

"बाकीचे छान छान म्हनत्यात, वहिनी. तुमचा माझ्यावर राग हाय. तुमी खोटं बोलनार न्हाई."

मग काय, येतील तेवढ्या वेळा मी खोट काढली, रागानंच काढली. हे दोरीसारखं दिसतंय, हा माणूस पळतोय असं वाटतंय. शेवटी भिंतीवर गेलं ते साधंच होतं: हात न हलवता बाजेवरून जीपकडे नेलेली बाई, आणि लांब फेकून दिलेली दोरी. ते रंगवलं आणि मास्तरांची शिरूरकडे बदली झाली. पीडा गेली, म्हटलं मी.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या शांताला उसात हाताला साप चावला. कुणी काही आवळलं नाही, बाजेवर घालून नेलं. ती घरी आल्यावर मी बघायला गेले, तर बाई भाकरी थापत होती, दहाही बोटांनी. मी त्या बोटांकडे बघतच राहिले आणि मनातल्या मनात मास्तरांना शिवी हासडली. मेल्या, हेच चित्र आधी का नाही काढलंस?