मुका खांब

कोणतीही विणलेली वस्तू हातात आली की मावशी आधी तिचा काठ उलटून पाहायची आणि मग आणणाऱ्या बाईचा चेहरा. "मधात कोनीबी इनते. लबाडी काठाले दिसते," असं म्हणून डोळे बारीक करायची.

यवतमाळला आमच्या भिंतीला भिंत लागून ती एकटी राहायची. कपाळावर कुंकू होतं, पण नवरा कुठे होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल, जिला दूधवाला, टपालवाला आणि देव या तिघांचाही सारखाच संशय येतो. साठ सालाच्या आसपास गल्लीत वीज आली, तर हिने मीटरवर फडकं टाकलं. का, तर "मी झोपली तरी ते फिरून राह्यते. यात काईतरी हाये."

पण दोन सुयांवर विणलेल्या जाळीचा काठ बांधावा तो तिनेच. आम्ही सुईवरच टाके मिटवले की काठ आखडायचा आणि जाळी भाजलेल्या पापडासारखी वाकडी व्हायची. ती क्रोशाची सुई घेऊन सैल, एकसारख्या कमानींचा काठ काढायची. मात्र ती शेवटची ओळ पदराखाली. कोणी डोकावलं तर, "काय पाहून राह्यली वं? घरी काम नाई का?"

माझी धाकटी बहीण नुकतीच लग्न होऊन बाभुळगावला गेली होती. तिची जाळी काठाशी अडली आणि मी चोरी केली. तीन दिवस मावशीला चहा नेऊन दिला, पदर सरकला की पाहून घेतलं आणि बहिणीला चिठ्ठी लिहिली: "तीन एकत्र. मुका. आठ साखळ्या. पुन्हा तीन एकत्र, मुका. शेवटपर्यंत असंच. कोणाला दाखवू नकोस." क्रोशातल्या आखूड टाक्याला मुका खांब म्हणतात. घाईत मी 'खांब' गाळला. मावशीला कळेल या भीतीने खाली नावही घातलं नाही. चिठ्ठी नेली तिकडच्या एका तरुण मास्तरने.

ती उघडली बहिणीच्या सासऱ्याने.

चार दिवसांत निरोप आला, "पोरीला घेऊन जा." मी पत्र लिहून खुलासा केला, तर उत्तर आलं की बहीण बहिणीला पाठीशी घालणारच. शेवटी मावशीपुढे बसून मी रडत सगळं कबूल केलं. आता ही मला पुन्हा दारात उभं करणार नाही, असं मी धरूनच चालले होते.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "चहात साखर जास्त पडून राह्यली होती." आणि लुगडं बदलायला आत गेली.

बाभुळगावला ती ओसरीतच बसली. बहिणीची अडलेली जाळी मागवली. सासऱ्याला, नणंदांना, घाबरलेल्या त्या मास्तरलाही समोर बसवलं आणि पदर कमरेला खोचला. "हे पाहा भाऊ. तीन टाके एकत्र. हा मुका. आता साखळ्या तुमीच मोजा."

सासरा खरंच मोजू लागला. तिसऱ्या कमानीपाशी एका नणंदेला हसू फुटलं. त्याने मात्र काठ पुरा होईपर्यंत चिठ्ठी ओळीओळीने पडताळली. मग कुणाकडेच न पाहता म्हणाला, "सूनबाई, पाहुणीले चहा ठेव."

परतताना मोटारीत मावशी एवढंच बोलली, "आता सगळ्या बाभुळगावले माहा काठ येते." मला तिच्याकडे पाहवेना.

ती गेली त्या उन्हाळ्यात बहीण माझ्याकडे आली होती. मावशीच्या कुलूप लावलेल्या दाराकडे पाहत तिने सांगितलं, की त्या दिवशी निघताना मावशीने तिला आत नेऊन जवळ घेतलं होतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणे, पोरी, माह्या वेळी कोनी आलं नोतं."