लाल कांद्यात पांढरा

माझ्या भावासाठी बायको निवडायला लागला नाही इतका वेळ आमचे वडील डेंगळ्यांसाठी कांदे निवडायला लावतात. डेंगळे म्हणजे बियाण्यासाठी वाढवलेले कांद्याचे फुलोरे. त्यासाठी कांदा हवा एकजात लाल, गोल, बारीक मानेचा. हे बी खुद्द आपल्या आजोबांचं, असं वडील तिसगावच्या बाजारात अनोळखी माणसालाही थांबवून सांगतात.

यंदा काढणीला त्या लालात पांढरे कांदे निघाले. थोडेच होते, पण घराण्याची अब्रू वाफ्यात उघडी पडल्यासारखा वडिलांचा चेहरा झाला. गुन्हेगार लगेच सापडला. गेल्या वर्षी बांधापलीकडच्या काकांनी पांढऱ्या कांद्याचे डेंगळे लावले होते आणि मधमाश्यांनी तिकडचं इकडं आणलं. वडिलांनी लहानपणापासूनची मैत्री उभ्या उभ्या तोडली. काकांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. ती पोर आईच्या हातचं खाऊन आमच्याच ओट्यावर वाढलेली. तरी वडिलांनी फर्मान काढलं, या घरातून लग्नाला कोणी जायचं नाही. आईचे डोळे भरलेले मी पाहिले आणि मला वडिलांचा भयंकर राग आला.

मी नगरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. या शिक्षणाचा घराला आजवरचा उपयोग म्हणजे तुळस का वाळली ते सांगणं. लग्नाच्या दिवशी सकाळी मी वडिलांसमोर ठाण मांडून बसले. म्हटलं, कांद्यात लाल रंग वरचढ असतो. पांढरा कांदा व्हायला पांढरेपणा दोन्हीकडून यावा लागतो, बापाकडून आणि आईकडूनही. माशीनं काकांचा पराग आणला असेल, पण आपल्या लाल कांद्याच्या पोटात पांढरेपणा आधीच दडून नसता, तर सगळं पीक लालच आलं असतं. म्हणजे निम्मी खोट घरचीच.

वडिलांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग आजोबांना डाग लागणार नाही अशी वाट त्यांना सापडली.

"ते बी आजोबाचं न्हाईच मुळी," ते म्हणाले. "हिच्या म्हायेरचं हाय. लग्नात शेवगावाकडून आल्तं."

मी दारात उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. खरंच ते बी तिनं नवी नवरी असताना गाठोड्यात बांधून आणलं होतं. कौतुक होतं तोवर ते आजोबांचं होतं, खोट निघाल्याबरोबर वडिलांना तिचं माहेर आठवलं. मला वाटलं, आता ती रडणार.

ती आत गेली. बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात वडिलांचा फेटा घेऊन.

"बी माझ्या म्हायेरचं, मंग भांडन पन माझंच," ती म्हणाली. "ते मी मिटवलं. बांधा फेटा."

वडील माझ्या तोंडाकडं बघू लागले. मी चप्पल घालत होते.