दुसऱ्या पायरीवरचं पाणी

मी पत्रकांवर वाढले. मामाचं चंद्रपुरात छपाईचं छोटं दुकान आहे आणि त्याच्याच वरच्या खोलीत आम्ही राहतो. लहानपणी मला गोष्टीची पुस्तकं फारशी मिळाली नाहीत. गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची पत्रकं मात्र भरपूर मिळाली. मजुरीची, जमिनीच्या पट्ट्यांची, वसतिगृहाच्या जागांची, विहारातल्या सभांची. अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. वाक्य म्हणजे ज्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं ते, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मामा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "खाली स्थळ आन वेळ नसन तर ते पत्रक नाई पोरी, नुसती बोंब आहे."

पुढे मोबाईलवर लिहून खेळायच्या खेळात मी गेले, तेव्हा लिहिण्याची हीच एक रीत मला येत होती.

खेळ साधा होता. त्यात चित्रं नाहीत, गुण नाहीत, हार-जीत नाही. आम्ही तिघं होतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि पाळीपाळीने त्या पात्राचं पुढचं लिहायचं. तिघांच्या लिहिण्यातून गोष्ट पुढे सरकते. नदीकाठचं एक जुनं गाव आम्ही रचलं होतं, वीज नसलेलं. त्या गावात नदीने नेलेली माणसं पावसाळ्यात ओल्या अंगाने परत येऊन उंबऱ्यावर बसत. मी डाकवाली होते, गावोगाव टपाल नेणारी. मुलचेराकडचा एक बंगाली मुलगा वैदू होता. तो कापडाच्या दुकानात कामाला होता आणि खेळ त्यानेच सुरू केला होता. तिसरी मुलगी भामरागडची. ती म्हातारा नावाडी व्हायची. नावाड्याचा बाप त्याच्या लहानपणी नदीत बुडालेला, हे तिनेच कधीतरी लिहिलं होतं. ते वाचल्यावर मी जिन्यावरचा दिवा लावून खाली गेले होते.

नियम थोडे, पण कडक. दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. पाळी मोडायची नाही. खरी नावं विचारायची नाहीत. आणि गट दोन. 'गाव' या गटात फक्त गोष्ट, 'पार' या गटात खऱ्या आयुष्यातल्या गप्पा. गावात खरं बोलायचं नाही, पारावर गोष्ट आणायची नाही. वैदू या बाबतीत एखाद्या हेडमास्तरसारखा होता.

माझी डाकवाली पहिल्या दिवसापासून भाषण द्यायची. तिने पाटलाला पत्र दिलं की सोबत अन्यायाचा पाढा वाचायची. पारावर नावाडीण, म्हणजे ती भामरागडची मुलगी, मला चिडवायची.

"ताई, तुमची डाकवाली पत्र देते का निवेदन?"

"अन्याय दिसला तर गप्प बसू का?"

"गप काऊन बसता? पण आमाले बी दिसू द्या ना तो अन्याय. तुमी थेट निकालच देऊन राह्यल्या."

वय माझ्याहून कमी, पण लिहिण्यात ती आमच्या दोघांच्या पुढे होती. तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, भीती वाटली असं कधी लिहायचं नाही. काय होऊन राह्यलं तेवढंच लिहायचं, भीती वाचणाऱ्याची त्याला येते. दुसरी, लिहायच्या आधी मागच्या माणसाचा मजकूर तीनदा वाचायचा, त्यातली एक वस्तू उचलायची आणि तिथून सुरू करायचं. "त्यानं कंदील ठेवला असन तर तुमी कंदील उचला. नाईतर दोघं वेगवेगळ्या गावात राहता."

मी शिकले. चिडत शिकले, पण शिकले. माझी वाक्यं आखूड झाली. एकदा मी फक्त इतकंच लिहिलं की डाकवालीने दार वाजवलं आणि आतून कोणीतरी तिच्याच आवाजात 'कोण' असं विचारलं. पारावर नावाडिणीने लिहिलं, "आता भेव वाटलं ताई. आता तुमी आमच्या गावच्या."

त्या पावसाळ्यात तिचे वडील गाडीवरून पडले. उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये गेला. त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि मशीन पायाची. "आता मशीन मीच चालवून राह्यली. बाबा खाटेवर पडून टाके मोजते आन शिव्या देते," असं तिने पारावर लिहिलं होतं. मी हसण्याचं चिन्ह पाठवलं आणि विसरून गेले.

मग एका रविवारी दुपारी गावात तिचा मजकूर आला. पाळी तिचीच होती.

'पाणी दुसऱ्या पायरीवर आलं आहे. खाट तरंगू लागली. बाबा खाटेवर आहेत. त्यांना माळ्यावर न्यायचं आहे पण उजवा पाय वाकत नाही. मी हात सोडलेला नाही.'

नावाड्याचा बुडालेला बाप परत आला होता.  पारावर वैदूने लगेच लिहिलं, "काटा आला अंगावर. आजपर्यंतचं सगळ्यात भारी. पुढची पाळी माझी, पण दुकानात गिऱ्हाईक आहे. संध्याकाळी लिहितो. तोवर मधे कोणी येऊ नका."

वैदूनंतर माझी पाळी. संध्याकाळपर्यंत वेळ होता, म्हणून मी तिच्या शिकवणीप्रमाणे तो मजकूर पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हेवा वाटला. तिसऱ्यांदा एक वस्तू शोधत वाचला. पाय. न वाकणारा पाय. पाण्यातून परत आलेल्या माणसाचा एकच पाय का वाकणार नाही? आणि तोही उजवाच का?

मी खाटेवर बसले होते, ती उभी राहिले.

पारावर लिहिलं, 'तू गोष्टीत आहेस ना? नुसतं हो म्हण.' एकच खूण उमटली, दुसरी येईना. फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. बातम्यांच्या गटावर पाहिलं तर भामरागडचा रस्ता सकाळपासूनच बंद. तिकडे नद्या एकत्र येतात आणि पाणी चढलं की सगळा तालुका तुटतो. दरवर्षी तुटतो. डोंगर खणून माल नेणाऱ्या ट्रकांना रस्ता सापडतो, माणसांना सापडत नाही. हे मी शंभर पत्रकांत लिहिलं असतं. त्या दुपारी मी फक्त एक नंबर शोधत होते.

पूर नियंत्रण कक्षाचा नंबर मिळाला. फोन उचलणारा माणूस दमलेला होता, पण उद्धट नव्हता.

"नाव सांगा."

"माझं?"

"अडकलेल्यांचं, मॅडम."

"माहीत नाही."

"घर कोणतं?"

"ते पण... आम्ही एक खेळ खेळतो, त्यात ती..."

"खेळ?"  मागे दुसरा फोन वाजत होता. "हे पाहा, तिकडे मोबाईल बंद आहेत. वायरलेसवर वाचून दाखवता येईल असं काही असेल तर मेसेज करा. छोटं लिहा. ऐकणाऱ्याला जागा सापडली पाहिजे."

मी लिहायला बसले. घाम बोटांवरून स्क्रीनवर पडत होता. जे उमटलं त्याची सुरुवात अशी होती, 'एक गरीब कष्टकरी कुटुंब मृत्यूच्या दारात उभं असताना प्रशासन झोपलं आहे काय!' सगळी शिकवण पुसून गेली होती. भीतीने मी पुन्हा पहिल्या दिवशीची डाकवाली झाले होते. मी धावत खाली गेले आणि फोन मामासमोर धरला.

मामाने चष्मा वर केला, वाचलं आणि फोन परत दिला.

"कोणासाठी लिवलं हे?"

"मामा, ती पाण्यात आहे!"

"म्हणूनच इचारून राह्यलो. जो बोट घेऊन निंगन त्यानं कुठी जावं? स्थळ कुठी आहे याच्यात?"

स्थळ मला माहीत नव्हतं. पण तिने कधी ना कधी सांगितलेलं असणार होतं. मी पारावरच्या जुन्या गप्पा उलट्या वाचत गेले आणि मामा शेजारी उभा राहिला. मांजराचा एक फोटो सापडला, त्याच्या मागे निळ्या रंगाचं पत्र्याचं दार. 'बाजाराच्या दिवशी आमच्या पायरीवर बांगड्यावाली बसते.' 'मागचं दार उघडलं का नदीच दिसते.' ती तिच्या रोजच्या जगण्यातल्या वस्तू इतक्या सहज ठेवून गेली होती, आणि मी त्यातली एकही उचलली नव्हती. आता एकेक उचलत होते.

मग लिहिलं. 'भामरागड. बाजाराजवळ नदीच्या बाजूचं शिलाईचं दुकान, निळं पत्र्याचं दार. आत शिलाईवाले काका, उजव्या पायाला प्लास्टर, चालता येत नाही. सोबत मुलगी. पाणी घरात, खाट तरंगली. खबर आज दुपारची.'

मामाने ते मोठ्याने वाचलं, वायरलेसवर वाचावं तसं. "पाठव," म्हणाला.

'पाठवलं' असं उत्तर आलं. त्यानंतर काही नाही.

वैदूला कळवलं तेव्हा त्याचा फोन आला. पहिल्यांदाच आम्ही एकमेकांचा आवाज ऐकत होतो. तो बंगाली वळणाच्या मराठीत एकच वाक्य बोलत राहिला, "दीदी, मी सगळ्यात भारी म्हटलं. ती पाण्यात होती आणि मी भारी म्हटलं." 

नंतरचे दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. माझ्या प्रश्नाशेजारची ती एक खूण आठवते. मी दुकानात कागद मोजायची आणि मोजणी चुकायची. चंद्रपुरात ऊन पडलं होतं, लोक छत्र्या मिटून चालत होते, आणि मला त्यांचा राग यायचा. गावातली आमची गोष्ट उघडायची हिंमत होत नव्हती. त्या गोष्टीत नदी माणसं परत देते, पण कशी देते ते आम्हीच लिहिलं होतं. न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज आला तरी मी जाऊन नळ बंद करायची. मामा जेवताना फक्त विचारायचा, "आली का खबर?"

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला.

'डाकवाली का?'

मी फोन टेबलावर ठेवला आणि मागे सरले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की ती मेली आहे आणि तरीही लिहिते आहे. आम्हीच रचलेली भीती होती ती. दुसरा मेसेज आला.

'नावाडी बोलून राह्यलो. फोन पाण्यात गेला, तुमचा नंबर पाठ होता. हा मास्तरांचा हाय. बाबा शाळेत हायेत. जित्ते.'

मी फोन घेऊन धावत खाली मामाकडे गेले.

त्यांना शेजारच्या पोरांनी डोंग्यातून, छोट्या होडीतून, बाहेर काढलं होतं. माझा निरोप पोचायच्या कितीतरी आधी. "वायरलेसवालं कोणी आलं होतं का?" मी विचारलं.

'आलं ना. शाळेत. शिलाईवाले काका कोण म्हणून बोंबलून राह्यला होता. बाबा म्हणले मीच, पण सध्या दुकान बंद हाय, कपडे घेणार नाई.'

मी हसले आणि त्याच हसण्यात रडू आलं. प्लास्टर पाण्यात विरघळून गेलं होतं. पाय पुन्हा सरळ बसेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. मशीन चिखलात.

"तू ते गावात का टाकलंस? पारावर का नाही?"

'नावाड्याचंच लिहून राह्यली होती. अर्धं लिहिलं आन पाणी आत आलं. ते पुसलं आन दिसलं ते टाकलं. कोणता गट उघडा हाय ते कोण पाहते?' मग आणखी एक ओळ आली. 'मले वाटलं तुमाले समजन.'

"तू मदत कुठेच मागितली नाहीस."

'काय होऊन राह्यलं ते लिहिलं ना. तसंच लिहावं म्हणते मी नेहमी. कसं लिहाले पाह्यजे होतं मंग?'

मी म्हटलं, "वाचवा. पुढे उद्गारचिन्ह. एक नाही, चार. आणि खाली स्थळ."

'म्हणजे तुमच्यासारखं.'

"हो. माझ्यासारखं."

खेळ आम्ही सोडला नाही. पहिला हट्ट तिचाच होता. आता नियमांत एक भर पडली आहे, कोणालाही शंका आली तर पाळी मोडायची. तिच्या वडिलांचा पाय वाकडाच जुळला. मशीन तीच चालवते आणि नावाडी पूर्वीसारखाच कमी बोलतो. मीही आता बऱ्यापैकी लिहिते, वैदू म्हणतो.

पण गावात तिचा मजकूर आला की मी तो लगेच वाचत नाही. आधी पारावर जाते आणि विचारते, 'खेळातच ना?' ती चिडते. 'हो ना ताई, किती इचारता.' भामरागडचं नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. तिचं 'हो' येईपर्यंत मी फोन उलटा ठेवून बसते आणि पावसाळा असेल तर आकाशाकडे पाहत नाही.